साहेबांची खिडकी सगळ्यांची कशी करायची? जुन्या ऑफिसच्या नूतनीकरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात आमचं काम मुख्यतः जुन्या ऑफिसांचं. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या वाड्यांत थाटलेली वकिलांची आणि सीएंची ऑफिसं, अलकापुरी-सयाजीगंजमधले पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सजवलेले मजले, मकरपुरा जीआयडीसीत कारखान्याच्या माडीवर बसणारे ड्रॉइंगवाले. सगळ्यांचं पहिलं वाक्य जवळपास एकच असतं: "ऑफिस जुनाट दिसतं हो, जरा मॉडर्न करून द्या." त्यानंतर जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत.

हायब्रिड म्हणजे नक्की काय? आमच्याकडे तर "या, नाहीतर रजा टाका" एवढंच आहे.

काही दिवस ऑफिसात, काही दिवस घरून किंवा साइटवरून, आणि हे आधी ठरवून. साइट इंजिनिअर, सेल्सवाले, ऑडिटला बाहेर असणारे आर्टिकल्स (सीएंकडे शिकणारी मुलं) धरले तर तुमचं ऑफिस आजही थोडंफार हायब्रिडच आहे. फक्त टेबलं त्याप्रमाणे मांडलेली नाहीत. "घरून लोक काम करत नाहीत" ही शंका मालकांना असतेच. चीनमधल्या ट्रिपडॉटकॉम या प्रवास कंपनीत १,६०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर झालेला एक प्रयोग २०२४ साली 'नेचर'मध्ये छापून आला. आठवड्यात दोन दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी बाकीच्यांइतकीच राहिली आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. तुमच्या धंद्याला हे जसंच्या तसं लागू होईल असं नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला घरून बसता येत नाही.

आम्ही ४० जण आहोत, तीन दिवस ऑफिस. मग २४ टेबलं पुरतील ना?

पुरणार नाहीत. गणित बरोबर आहे, माणसं त्या गणिताने वागत नाहीत. ज्याला त्याला आपले दिवस निवडू दिले की सोमवार आणि शुक्रवार घरून, मधले तीन दिवस ऑफिसात असा कल पडतो. बुधवारी चाळिसातले पस्तीस हजर आणि शुक्रवारी पंधरा टाळकी, त्यात शिपाईकाका धरून. २४ टेबलं केलीत तर बुधवारी लोक पँट्रीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतील आणि महिनाभरात "पहिलंच बरं होतं" सुरू होईल.

म्हणून आम्ही आधी हजेरीचं रजिस्टर मागतो, निदान सहा आठवड्यांचं. सीएंचं ऑफिस असेल तर त्यात महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-३बी या मासिक जीएसटी विवरणपत्राचा दिवस आलाच पाहिजे. जुलैचे शेवटचे दहा दिवस, म्हणजे आयकर विवरणपत्रांची घाई, वेगळे बघतो. सरासरीला फारसा अर्थ नाही, गर्दीचा दिवस बघायचा. टीमप्रमाणे वार वाटून दिले (हिशेबवाले सोम-मंगळ-बुध, डिझाइनवाले बुध-गुरू-शुक्र, बाकीचे बुधवार सोडून) तर ४० जणांना २८ ते ३० जागांत सुखाने बसता येतं. वार वाटायचे नसतील तर ३४-३५ धरा. एकदा हे ठरलं की प्लॅन अर्धा झालाच.

अजून एक. सगळेच जागा बदलत बसू शकत नाहीत. दोन मोठ्या मॉनिटरवर कॅडमध्ये ड्रॉइंग करणाऱ्याला रोज नवं टेबल देणं म्हणजे सुताराला रोज नवा रंधा देणं. त्यांना ठरलेल्या जागा द्या आणि फिरत्या जागा बाकीच्यांसाठी ठेवा.

ऑफिसात भरदुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लागतात. खिडक्या मोठ्या करायच्या का?

आधी ज्या आहेत त्या उघड्या पाडू या. बाहेर लख्ख ऊन असताना आत अंधार असेल तर तो बहुधा आपणच पैसे देऊन विकत घेतलेला असतो.

एक आडाखा सांगतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून जेवढी उंच, त्याच्या दीडपट ते दुप्पट खोल कामाचा उजेड पोचतो. खिडकी सात फुटांवर संपत असेल तर साधारण दहा ते चौदा फूट. त्यापुढचा माणूस दिव्यावरच काम करणार. आता जुन्या इमारतींची गंमत बघा. स्लॅब साडेदहा-अकरा फुटांवर, खिडकीच्या वर झरोका, म्हणजे व्हेंटिलेटर. नव्वदीत एसी आला तेव्हा आठ फुटांवर फॉल्स सीलिंग मारलं आणि झरोका त्याच्या वर गाडला गेला. आम्ही सीलिंगचं एखादं पॅनेल वर सरकवून टॉर्च मारतो, तेव्हा कित्येकदा तिथे जुनी रंगीत काच आणि कबुतराचं घरटं सापडतं. ते सीलिंग निदान खिडकीकडच्या बाजूने काढलं की उजेडाची कड सातावरून दहा फुटांवर जाते आणि तोच उजेड पंधरा-वीस फूट आत येतो. नवी खिडकी नाही, तोडफोड नाही.

मग भिंती. पांढरं छत त्यावर पडलेल्या उजेडापैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत फेकतं. कॉफी रंगाची सनमायका बहुतेक सगळा गिळून टाकते. त्या काळी "रिच लुक" म्हणून कमरेपर्यंत, कधी छतापर्यंत, सागवानी रंगाची पॅनेलिंग झाली. ती काढा किंवा रंगवून टाका. छत पांढरं, भिंती फिक्या, टेबलांचे माथे फिके पण चकचकीत नकोत. चकचकीत माथ्यात खिडकीचं प्रतिबिंब पडून डोळे दुखतात.

तिसरी गोष्ट म्हणजे कपाटं. खिडकीला पाठ लावून उभं केलेलं साडेसहा फुटी लोखंडी कपाट प्रत्येक जुन्या ऑफिसात असतं, आणि ते तिथे का आहे हे कोणालाही आठवत नाही.

उजेड आडवाच आला पाहिजे असंही नाही. आपल्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या कोठारात गेला असाल तर आठवेल, मजल्यांच्या फरश्या जाड काचेच्या आहेत. वरचा उजेड पावलांखालून खालच्या मजल्यावर उतरतो. सयाजीराव महाराजांच्या काळातलं काम ते. बंगल्यातल्या किंवा वाड्यातल्या ऑफिसात जिन्याच्या डोक्यावर काच बसवून आम्ही तेच छोट्या प्रमाणात करतो.

मग केबिन? साहेबांची केबिन तर खिडकीलाच आहे.

इथेच बैठकीत शांतता पसरते. जुन्या ऑफिसची रचनाच अशी की बाहेरच्या भिंतीला ओळीने केबिनी, मधे कारकून. खिडकी साहेबाची, ट्यूबलाइट बाकीच्यांची. शिवाय साहेब दिवसातून चार तास साइटवर, आणि केबिनीत पडदा ओढलेला, कारण स्क्रीनवर चमक येते! म्हणजे अख्ख्या मजल्याचा उजेड रिकाम्या खुर्चीवर पडून पडद्याला थडकतो.

आम्ही केबिनी काढून टाका म्हणत नाही, आत सरकवा म्हणतो. बंद खोल्या सगळ्या मजल्याच्या पोटात घ्यायच्या, पुढून काच लावायची आणि खिडकीकडची पट्टी बसणाऱ्यांना द्यायची. ज्यांचं काम खरोखर गोपनीय आहे, म्हणजे पगार, वकिली सल्ला, माणसं घेणं-काढणं, त्यांना दार हवंच. वडीलधाऱ्या भागीदारांच्या बाबतीत मात्र आम्ही वाद घालत नाही. पंचेचाळीस वर्षं ज्या खिडकीतून समोरचा लिंब बघितला तिथून आप्पांना उठवण्यात शहाणपण नाही. त्यांची पार्टिशन चार फुटांवरून वर काचेची केली तरी मागे बराच उजेड जातो.

उलट टोकही गाठू नका. सगळ्या भिंती पाडून एकच हॉल केला की लोक जास्त बोलतात ही समजूत २०१८ साली हार्वर्डच्या दोन संशोधकांनी मोजून बघितली. दोन मोठ्या कंपन्या खुल्या ऑफिसात गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे सत्तर टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढल्या. सगळ्यांसमोर बोलायला लाज वाटते, म्हणून माणूस कानात इअरफोन घालून बसतो.

पश्चिमेला मोठी काच आहे. तीन वाजल्यानंतर बसवत नाही.

पडदा आतून लावलात तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं. पडदा तापतो आणि खोलीत उष्णता सोडतो. अडवायचं ते बाहेर. बांबूची चिक, उभ्या पट्ट्या, जाळी, इमारतीच्या नियमात बसेल ते. फिल्म लावल्याने ऊन कमी होतं, पण उजेडही कमी होतो.

दक्षिणेचं ऊन सोपं आहे. आपलं गाव कर्कवृत्ताच्या थोडं खाली, २२.३ अंशांवर. चार फूट उंच दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल तर मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत दुपारी काचेवर ऊन पडतच नाही, आणि डिसेंबरात खालच्या अर्ध्या काचेतून हवंहवंसं ऊन आत येतं. ही दुपार घड्याळातली साडेबारा ते पाऊणची. सूर्य आपल्याकडे बाराला डोक्यावर येत नाही. पूर्व-पश्चिमेचं ऊन तिरपं असतं, त्याला छज्जा आवरत नाही. उत्तरेचा उजेड सगळ्यात गुणी, ड्रॉइंगवाल्यांना आणि रंग बघणाऱ्यांना तिकडे बसवा.

वरच्या मजल्यावर असाल तर गच्चीवर पांढरा चायना मोझेक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी, करून घ्या; ती ऊन परत फेकते. गुजरातेत ही जुनीच युक्ती आहे.

दिवे कोणते?

टेबलावर ५०० लक्सच्या आसपास (लक्स म्हणजे उजेडाचं माप), ४,००० केल्व्हिनचा रंग, म्हणजे फार पिवळा नाही आणि फार निळसरही नाही, आणि खिडकीकडच्या ओळीला वेगळं बटण. हे शेवटचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. जुन्या ४० वॅटच्या नळ्या चोकसकट पन्नास वॅट खातात. २० वॅटची एलईडी तेवढंच काम करते. काढलेल्या नळ्या कचऱ्यात फोडू नका, त्यांत पारा असतो.

सगळे आपापल्या टेबलावरून व्हिडिओ कॉलवर बोलतात. मासळी बाजार झालाय.

हायब्रिड ऑफिसचं खरं दुखणं हेच, उजेडाच्याही वरचं. घरी बसलेल्याशी बोलायला इकडचा मोठ्याने बोलतो, शेजारचा त्याहून मोठ्याने.

दोन उपाय लागतात. एक, आवाज शोषणारे पृष्ठभाग. गुळगुळीत जिप्सम सीलिंग आवाज शोषत नाही, परतवतं. मिनरल फायबरच्या टाइल्स शोषतात. काच, विट्रिफाइड फरशी आणि सपाट पीओपी तिन्ही एका खोलीत आले की ती खोली घुमणारच. भिंतीवर फेल्ट, जाड सुती पडदे, अगदी पुस्तकांचं उघडं शेल्फसुद्धा उपयोगी. दोन, कॉल घ्यायला छोट्या खोल्या. एका माणसाची कपाटवजा खोली दर दहा-बारा जणांमागे एक तरी हवी. तिला पंखा आणि हवा जायला वाट ठेवा. तयार मिळणारे बंद डबे मे महिन्यात अंगाला भिजवतात.

मीटिंग रूम केवढी?

तुम्हाला बारा खुर्च्यांची एक हवी असते. आमचं म्हणणं, चार खुर्च्यांच्या दोन आणि आठांची एक करा. मोठ्या खोलीत दोघंच बसलेले आम्ही फार वेळा बघितले आहेत.

स्क्रीन खोलीच्या छोट्या बाजूला, कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, स्क्रीनच्या खाली किंवा वर चिकटून. खिडकी कोणाच्याही पाठीमागे नको, नाहीतर पलीकडच्याला फक्त काळी आकृती दिसते. माइक टेबलाच्या मधोमध. या खोलीला वायफायवर सोडू नका, केबल ओढा. आणि इंटरनेटच्या दोन लाइनी घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. गटाराच्या खोदकामात एक तुटली तर दुसरी राहते.

मी मालक नाही, नोकरी करतो. माझं टेबल गेलं म्हणजे उद्या मीही जाणार का?

हा प्रश्न चहाच्या वेळी, हळू आवाजात येतो, म्हणून इथे मुद्दाम घेतला. तुमचं काय ठरलंय ते आम्हाला माहीत नसतं. पण मालकांना एक गोष्ट आम्ही सांगतो: टेबल काढून घेण्याआधी त्या माणसाला कुलुपाचा लॉकर द्या, नाव लिहून. ड्रॉवरमध्ये गणपतीचा फोटो, लोणच्याची बाटली, वाचायचा चष्मा असतो, त्याला घर लागतं. बदल सांगायचा तो मालकाने स्वतः, सगळ्यांना बसवून. प्लॅन भिंतीवर लावलेला बघून माणसं जे अर्थ काढतात ते फार भयंकर असतात.

शिवाय जेवणाचं एक मोठं टेबल करा, दहा-बारा जणांचं, उजेडात. लोक ऑफिसात येतात ते पुष्कळसं डब्यासाठी. दुपारी ते जेवणाचं, बाकी वेळ कामाचं. सेव-उसळीच्या वासासाठी एक्झॉस्ट लागेल.

इतके कागद कुठे ठेवायचे?

कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. तुमच्या कपाटात १९९४ च्या ट्रान्सपोर्टच्या पावत्या आहेत. सीएंना विचारून यादी करा, जुनं पस्तीवाल्याला देण्याआधी फाडा. सरकत्या रॅकचं कॉम्पॅक्टर घ्यायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. कागदासारखं जड दुसरं काही नसतं. आणि कपाट हलवल्यावर मागे उधई निघाली तर आश्चर्य मानू नका. (मराठीत वाळवी म्हणतात हे आम्हालाही ठाऊक आहे, पण बडोद्यात ती उधईच.)

एसी बदलावा का?

आधी पंखे परत लावा. फॉल्स सीलिंगच्या हौसेत पंखे गेले आणि १८ अंशांवर एसी आला. पंखा फिरत असेल तर २६ वर आरामात बसता येतं. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने दर अंशाला सुमारे सहा टक्के वीज वाचते. दुसरं म्हणजे स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आहे तीच घोळवतो. बंद खोलीत आठ जण तासभर बसले की जांभया सुरू होतात, त्या भाषणामुळेच असतील असं नाही.

वास्तूप्रमाणे होईल ना?

उत्तर-पूर्व मोकळी, नैऋत्येला जड सामान, एवढंच बहुतेक जण मागतात. उत्तरेचा उजेड आम्हालाही हवा असतो आणि नैऋत्येची कपाटं दुपारचं ऊन अडवतात. भांडणाचं कारण नाही.

दिवाळीत आम्ही लाभपाचमपर्यंत बंद असतो. तेवढ्यात उरकेल?

ही कल्पना प्रत्येकाला सुचते. अडचण एकच, त्याच दिवसांत आमचे गवंडी दाहोद-पंचमहालला आणि सुतार राजस्थानात घरी गेलेले असतात. होळीलाही तेच. पावसाळ्यात रंग आणि पॉलिश वाळत नाही. आम्ही अर्धं-अर्धं करतो: एक बाजू पार्टिशनने बंद, लोक दुसऱ्या बाजूला आणि घरून. हायब्रिडची रंगीत तालीमही त्यातच होते. तोडफोडीचे दोन-तीन दिवस मात्र उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सुट्टीत बसवता येतात, आवाजाची तक्रार कोणी करत नाही, सगळे गच्चीवर असतात.

तळमजल्यावर आहोत. विश्वामित्री नदीच्या पुराचं काय?

२०१९ आणि २०२४ चे पूर आठवत असतील तर यूपीएस, बॅटऱ्या आणि सर्व्हर वर न्या, प्लगपॉइंट टेबलाच्या माथ्याच्या वर घ्या, खालचं फर्निचर धातूच्या पायांवर करा. प्लाय लागलाच तर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय. पुराबरोबर नदीतून येणाऱ्या मगरीसाठी आमच्याकडे इलाज नाही.

परवानग्या लागतात का?

नुसतं फर्निचर आणि रंग असेल तर सोसायटीची. भिंत, बीम, कॉलमला हात लावायचा तर इंजिनिअरचा कागद आणि महापालिका. वीजभार बदलणार असेल तर एमजीव्हीसीएल, म्हणजे वीज कंपनी. आगीच्या बाबतीत आम्ही हट्टी आहोत: सुरतेची २०१९ ची आणि राजकोटची २०२४ ची आग बघितल्यावर, दुसऱ्या जिन्याच्या दाराशी स्टेशनरी रचणाऱ्याचं काम आम्ही घेत नाही. दारात तीन पायऱ्या असतील तर रॅम्पही करा. उतार एकास बारा, म्हणजे दीड फुटाच्या चढाला अठरा फूट.

ऑफिसात झोपाळा लावू का? संखेड्याचा आहे, घरी जागा नाही.

लावा की. कडी पीओपीत नाही, बीममध्ये धरलेली हवी. झुलणाऱ्या माणसाचं वजन बसलेल्यापेक्षा जास्त भरतं. पुढे-मागे मोकळी जागा सोडा आणि समोर काच नको. एका ठिकाणी साहेब फक्त झोपाळ्यावरच फोन घेतात. केबिन त्यांनी आपणहून सोडली.

पैसे कमी आहेत. सुरुवात कुठून?

काढण्यापासून: सीलिंगचा खिडकीकडचा पट्टा, कपाटं, गडद पॅनेलिंग. मग रंग, दिव्यांची बटणं, आवाजाचा बंदोबस्त, चांगल्या खुर्च्या. टेबलं जुनीच चालतात, माथे बदलून. मोझेकची फरशी असेल तर तिच्यावर टाइल्स ठोकू नका, पॉलिश करून घ्या. तशी आता मिळत नाही. सोफे आणि भिंतीवरची इंग्रजी सुविचारांची अक्षरं सर्वात शेवटी, किंवा नाहीच.

पहिल्या भेटीला काय तयार ठेवायचं?

हजेरीचं रजिस्टर, वर्षभराची लाइटबिलं, जुना प्लॅन असेल तर तो, गच्चीची किल्ली आणि एक स्टूल, सीलिंगच्या वर डोकवायला. आम्हाला दुपारी तीनला बोलवा. सकाळी अकराला सगळीच ऑफिसं चांगली दिसतात.